चौघांतला एक

आपला माणूस दूरच्या सभेत पाठवायचा आणि तो तिथे करतो तरी काय, याचा तर्क करीत घरी बसायचे, हा आमच्या भागाचा फार जुना उद्योग आहे. आरमोरी वैनगंगेच्या काठी होती तिथेच आहे. तिच्यासाठी कायदे करणारी सभा मात्र सारखी जागा बदलीत आली. भोसल्यांचे राज्य गेल्यावर काही वर्षे कंपनीचा अंमल, १८६१ पासून मध्यप्रांत, पुढे मध्य प्रदेश, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई, १९६० साली महाराष्ट्र. मध्यप्रांताला स्वतःचे कायदेमंडळ मिळाले तेच मुळी १९१४ साली. तोवर आमच्या जंगलाचा, सारा-पट्टीचा, मजुरीचा निवाडा कलकत्त्याला होई आणि त्याच्यावरचा निवाडा लंडनला. म्हणून ‘गेलेला माणूस घरासाठी काय आणतो?’ हा प्रश्न आमच्याकडे कोणाला शिकवावा लागत नाही.

हाच प्रश्न आज युरोपातले लोक मोठ्या गांभीर्याने विचारतात. तिथे १९७९ पासून अनेक राष्ट्रांचे मतदार मिळून एक संसद निवडतात. तिच्यात बसणारा फ्रेंच वा पोलिश सभासद आपल्या मायदेशाच्या धोरणावर कितीसा वजन पाडतो, याची तिथे सतत चर्चा चालू असते. आपल्याला वाटते, हे त्यांचे दुखणे. आपला काय संबंध? पण राष्ट्रांच्या वर बसून नियम करणाऱ्या एका सभेत एक मराठी शाळामास्तर युरोपची ती संसद जन्माला येण्याच्या कितीतरी आधी जाऊन बसला होता. त्याने तिथून आणलेल्या गोष्टी आपल्या घरात अजून वापरात आहेत. आणणाऱ्याचे नाव तेवढे आपण विसरलो. माझ्या वर्गातल्या मुलांना ‘आंतरराष्ट्रीय श्रम संघटना’ हे नाव रिकाम्या जागा भरण्यापुरते ठाऊक असते. नारायण मल्हार जोशी हे नाव त्या रिकाम्या जागेत कधी येत नाही.

जोशींकडे वळण्याआधी एका थोर माणसाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्याशेजारी ठेवल्याशिवाय जोशींच्या कामाचे मोल कळत नाही. १८९२ साली दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून बोटांवर मोजण्याइतक्या मताधिक्याने ब्रिटिश पार्लमेंटात गेले. साऱ्या हिंदुस्थानात दिवाळी झाली. पुढच्याच वर्षी, २ जून १८९३ रोजी, सनदी नोकरीची परीक्षा लंडनबरोबर हिंदुस्थानातही घ्यावी असा हर्बर्ट पॉल यांचा ठराव कॉमन्स सभेत आला, दादाभाईंनी त्याची पाठराखण केली, आणि ठराव चौऱ्याऐंशी विरुद्ध शहात्तर मतांनी चक्क मंजूर झाला! साम्राज्याच्या सर्वोच्च सभेत हिंदी माणूस जिंकला. आणि मग? मग काहीच झाले नाही. मंत्रिमंडळाने हिंदुस्थान सरकारचे मत मागविले, हिंदुस्थान सरकारने नाक मुरडले, आणि ठराव दप्तरात गेला. १८९५ च्या निवडणुकीत दादाभाईही पडले. ती परीक्षा हिंदुस्थानात सुरू झाली १९२२ साली. दादाभाईंना जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती.

मते मिळाली, पण ती अंमलात आणणे कोणावर बंधनकारक नव्हते. हे ध्यानात ठेवून आता जोशींकडे येऊ.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ सालचा, कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे शाळांतून शिकविले. (आमच्या धंद्याचा माणूस, म्हणून माझा किंचित पक्षपात वाचकांनी चालवून घ्यावा.) १९०९ साली ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात शिरले आणि १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावात रात्रीच्या शाळा, वाचनालये, दवाखाने असे ते काम. वक्तृत्व बेताचे, राहणी साधी, आकडे मात्र जिभेवर. पुढे सरकारने सी. आय. ई. हा किताब देऊ केला, तेव्हा तो त्यांनी घेतला नाही.

पहिले महायुद्ध संपले. व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानचीही सही असल्यामुळे तहातून जन्मलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत हिंदुस्थान आपसूक सभासद झाला. पारतंत्र्यात असून सभासद! या संघटनेची रचना मोठी चमत्कारिक आहे. दरवर्षी भरणाऱ्या परिषदेला प्रत्येक देशाने चार प्रतिनिधी पाठवायचे: दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. चौघांनाही प्रत्येकी एक मत, आणि एकाच देशाच्या चौघांनी एका बाजूने मत दिले पाहिजे असा काही दंडक नाही. म्हणजे हिंदुस्थान सरकारच्या प्रतिनिधींसमोर बसून हिंदुस्थानच्याच कामगार-प्रतिनिधीने त्यांच्याविरुद्ध हात वर करावा आणि तो हात मोजला जावा, ही सोय तिथे होती. दिल्लीत त्या वेळी ती कितपत होती हे जाणकारांस सांगायला नको.

ऑक्टोबर १९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली परिषद भरली. सरकारतर्फे लुई कर्शॉ आणि अतुलचंद्र चटर्जी, मालकांतर्फे अलेक्झांडर मरे, आणि कामगारांतर्फे जोशी. त्यांचे सल्लागार मद्रासचे बी. पी. वाडिया. जोशींना कामगारांनी निवडले नव्हते, सरकारनेच नेमले होते, हेही सांगितले पाहिजे. देशभरच्या कामगारांची एक संघटना तोवर नव्हतीच, तर निवडणार कोण?

परिषदेपुढचा पहिलाच करार दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या कामाचा होता. आपल्याकडे १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषाला दिवसाचे बारा तास राबविता येत होते. अठ्ठेचाळीस तास हिंदुस्थानला लावायचे नाहीत, हे जणू ठरूनच आले होते. करारात दहावे कलम खास हिंदुस्थानसाठी घातले गेले: तिथे तूर्त आठवड्याचे साठ तास. गोऱ्या मजुराला आठ तासांनी थकवा यावा आणि काळ्याला दहा तासांनी, असे त्या कलमाचे शरीरशास्त्र होते. जोशी परतले ते अठ्ठेचाळीस घेऊन नव्हे, साठ घेऊन.

पण या साठाच्या मागे दादाभाईंच्या ठरावामागे नसलेली एक गोष्ट होती. परिषदेत दोन तृतीयांश मतांनी जो करार होईल, तो प्रत्येक सभासद सरकारने वर्षाच्या आत, फार तर दीड वर्षात, आपल्या देशातल्या अधिकारी सभेपुढे ठेवलाच पाहिजे, असे तहातच लिहिले होते. मान्य करा वा करू नका. पण दप्तरात टाकता येणार नाही. आणि योग असा की १९२१ च्या आरंभी दिल्लीला नवी मध्यवर्ती विधानसभा उघडली, आणि तिच्यात कामगारांच्या वतीने नेमलेले सभासद होते नारायण मल्हार जोशी. वॉशिंग्टनला ज्या कागदावर त्यांनी वाद घातला तोच कागद दिल्लीला त्यांच्या समोर आला. कुठला शब्द कोणी का घातला, कुठली सवलत सरकारने कशी मागून घेतली, हे सभागृहात त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? जुलै १९२१ मध्ये हिंदुस्थानने तो करार मान्य केला. १९२२ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याचे साठ तास आणि दिवसाचे जास्तीत जास्त अकरा ठरले, आणि पोरांच्या कामाचे किमान वय नवावरून बारावर गेले. दादाभाईंच्या जिंकलेल्या ठरावाला एकोणतीस वर्षे लागली, जोशींच्या अर्ध्यामुर्ध्या कराराला तीन.

इथे इतिहासाचा अभ्यासू वाचक मला अडवील, आणि त्याने अडवावेच. १९२० च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांत लाखाहून अधिक कामगारांनी संप केला आणि दहा तासांचा दिवस मालकांच्या गळी उतरविला, हे काय जोशींनी वॉशिंग्टनहून केले? नाही. करार कागदावर होता आणि संप रस्त्यावर होता. गिरणीच्या भोंग्याची वेळ बदलली ती दोन्ही मिळून. नुसत्या संपाने मुंबई बदलली असती. सोलापूर, नागपूर, हिंगणघाट बदलायला कायदा लागला. आणि कायद्याला सरकारने टाळाटाळ केली असती तर जगापुढे जाब देण्याची पाळी येणार होती. यात जोशींचा वाटा किती आणे, हे तागडीत घालून सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. मात्र त्या संपाची ताकद कलमांच्या भाषेत उतरविणारा माणूस तोच होता, एवढे निश्चित.

गंमत अशी की त्या दूरच्या सभेने घरात एक संस्थाही जन्माला घातली. तहाची अट होती की कामगारांचा प्रतिनिधी देशातल्या सर्वांत प्रातिनिधिक कामगार-संघटनेशी विचारविनिमय करून नेमावा. अशी संघटनाच नाही म्हणताच सरकार आपल्या मर्जीने नेमू लागले. त्यावर कामगार-पुढाऱ्यांनी कुरकुर केली आणि ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटक, म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, उभी राहिली. खुर्ची आधी आली, आणि तिच्यावर बसवायला संघटना मागून!

संघटना झाली तर तिला कायद्याचे कवचही हवे होते. जोशींचे सल्लागार वाडिया यांनाच मद्रासच्या एका गिरणीच्या दाव्यात न्यायालयाने मनाई हुकूम दिला होता. मजुरांना एकत्र करणे हाच जणू गुन्हा. मार्च १९२१ मध्ये जोशींनी मध्यवर्ती सभेत ठराव आणला, तो मान्य झाला, आणि पाच वर्षे रखडून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला.

आता हरल्याची गोष्ट सांगतो, कारण मला ती जिंकल्याच्या गोष्टीपेक्षा अधिक बोलकी वाटते. वॉशिंग्टनला बाळंतिणीच्या रजेचाही एक करार झाला होता. तो हिंदुस्थानने मान्य केला नाही. जोशींनी १९२४ साली मध्यवर्ती सभेत स्वतःच तशा कायद्याचे विधेयक आणले. ते पडले. पण एका सभेत पडलेला विचार दुसऱ्या सभेने उचलला. मुंबईच्या कायदेमंडळात तसे विधेयक आले, १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले, आणि १९२९ साली मुंबईचा कायदा झाला. आणि त्याच्या पाठोपाठ, १९३० साली, कोणत्या प्रांताने कायदा करावा? आमच्या मध्यप्रांताने! वॉशिंग्टनला मांडलेले, दिल्लीत पडलेले, मुंबईला उठलेले कलम नागपूरला येऊन पोचले. साऱ्या देशाला तो हक्क १९६१ च्या कायद्याने मिळाला. जोशी १९५५ सालीच वारले होते.

पण या जिनिव्हावारीचे सगळ्यांनाच कौतुक होते असे नाही. (परिषद पुढे बहुधा जिनिव्हाला भरू लागली होती.) १९२९ च्या अखेरीस नागपूरला आयटकचे अधिवेशन भरले, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. डाव्या गटाचे म्हणणे सरळ होते: जिनिव्हाची सभा म्हणजे भांडवलवाल्यांनी कामगारांना दिलेले खेळणे, वर्षातून एकाला आगबोटीचे तिकीट द्यायचे आणि बाकीच्यांना वाट पाहायला लावायचे. जिनिव्हाला माणूस पाठवू नये आणि सरकारने नेमलेल्या व्हिटले कमिशनवरही बहिष्कार घालावा, असे ठराव झाले. जोशी त्या कमिशनचे सभासद होते. ते, व्ही. व्ही. गिरी आणि त्यांच्या मताचे लोक बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा महासंघ काढला. संघटना ज्या खुर्चीमुळे जन्मली, तिच्याचपायी आता दुभंगली.

डाव्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. संस्थानी मुलखाला हे करार लागू नव्हते. आमच्या सीमेपलीकडचा बस्तरचा किंवा निजामाचा मजूर त्या साठ तासांच्या हिशेबात नव्हताच. शिवाय परदेशच्या सभेतून मायदेशी सत्ता गाजविणे एका मताच्या माणसाला शक्य नसते, हे त्यांना बरोबर दिसले होते. मात्र बहिष्कार घालून त्यांना काय मिळाले, आणि आत बसून जोशींना काय मिळाले, ते पाहावे. व्हिटले कमिशनच्या अहवालानंतर १९३४ चा फॅक्टरी कायदा आला: बारमाही कारखान्यांत साठाचे चोपन्न तास झाले. १९३६ साली पगार वेळेवर देण्याचा कायदा आला. आणि १९३७ साली मध्यप्रांताने एक असा कायदा केला की ज्याची आठवण आमच्या जिल्ह्यांनी तरी ठेवावी. विजेचे यंत्र नसलेले विडीचे, लाखेचे आणि कातडी कमावण्याचे मोठे कारखाने फॅक्टरी कायद्याच्या बाहेर राहत. त्यांच्यासाठी मध्यप्रांताने अनियंत्रित कारखान्यांचा स्वतंत्र कायदा केला. आमच्या जंगलातले तेंदूपान ज्या विडीत वळले जाई, त्या विडीच्या कारखान्यापर्यंत कायद्याचा हात पोचला. पान तोडणाऱ्या बाईपर्यंत मात्र पोचला नाही.

याच्या उलट दिशेची एक घटना चांदा जिल्ह्याच्या पोटात घडली. स्त्रियांना खाणीत जमिनीखाली उतरवू नये, हा जिनिव्हाचा १९३५ चा करार हिंदुस्थानने १९३८ साली मान्य केला. पुढे दुसरे महायुद्ध पेटले, कोळसा कमी पडू लागला, आणि १९४३ साली ती बंदी उठली. प्रथम उठली ती मध्यप्रांत-वऱ्हाडात. बल्लारपूर-घुग्घूसचा कोळसा त्याच मध्यप्रांतातला. त्या वेळी मजूरखात्याचे सभासद होते डॉ. आंबेडकर. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती सभेत त्यांना याबद्दल जाब विचारला गेला. युद्धाची निकड आहे आणि खाली उतरणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी आहे, असे त्यांना सांगावे लागले. बाळंतिणीच्या रजेसाठी बोललेला माणूसच ही बाजू मांडत उभा आहे, हे चित्र आजही टोचते. तरी त्यातून एक गोष्ट दिसते. युद्धाच्या धुमाळीतही सरकारला उत्तर द्यावे लागले. दहा वर्षांपूर्वी असे कोणी विचारलेच नसते, कारण बोट ठेवायला कागदच नव्हता. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा आली. त्याच वर्षी, आंबेडकरांच्याच खात्याने तयार केलेल्या दुरुस्तीने, आठवड्याचे तास झाले अठ्ठेचाळीस. वॉशिंग्टनला गोऱ्या मजुराला १९१९ साली मिळालेला आकडा हिंदी मजुराला मिळायला सत्तावीस वर्षे लागली. त्यांतली बहुतेक वर्षे जोशी दिल्लीच्या सभेत सभासद होते आणि जिनिव्हाच्या नियामक मंडळातही अनेक वर्षे त्यांची जागा होती.

माझ्या मते जोशींच्या प्रभावाचे सारे रहस्य या दोन खुर्च्यांत आहे. जिनिव्हातले त्यांचे मत चौघांतले एक, आणि साऱ्या परिषदेत तर शेकड्यात एक. दिल्लीतही ते नेमलेले, एकटे सभासद. दोन्हीकडे दुबळा असलेला माणूस दोन्हीकडे एकाच वेळी बसला म्हणून जड झाला. तिसरा पाय गिरणगावात होता. ज्या करारांना दिल्लीत असा वाली आणि रस्त्यावर असा संप मिळाला नाही, त्यांचे काय झाले ते पाहायला मला आरमोरीच्या बाहेर जावे लागत नाही.

१९२१ साली जिनिव्हाला शेतमजुरांच्या संघटनेच्या हक्काचा करार झाला: कारखान्यातल्या मजुराला जो एकत्र येण्याचा हक्क तोच शेतातल्या मजुराला. हिंदुस्थानने तो १९२३ साली बिनतक्रार मान्य केला. बिनतक्रार, कारण त्याने काहीच बदलायचे नव्हते. आषाढात आमच्या बांध्यांत रोवणीला वाकलेल्या बायांना या कराराचा पत्ता शंभर वर्षांत लागलेला नाही. रोवणीचा भाव गावोगाव ठरतो तो पाऊस किती आला आणि हात किती मिळतात यावर.

दुसरा करार तर थेट आमच्याबद्दलचाच. १९५७ साली जिनिव्हाला आदिवासींविषयीचा १०७ क्रमांकाचा करार झाला आणि भारताने तो १९५८ सालीच मान्य केला. आदिवासींना मुख्य समाजात मिसळून टाकावे असा त्याचा एकंदर सूर आहे, तो मला रुचत नाही. पण त्याच्या अकराव्या कलमात, परंपरेने ज्या जमिनीवर हे लोक राहत आले तिच्यावर त्यांची वैयक्तिक वा सामुदायिक मालकी मान्य करावी, असे स्वच्छ लिहिले आहे. ज्या वर्षी भारताने हे मान्य केले त्या वर्षी आमच्या जंगलांत १९२७ चा वन कायदा चालू होता, आणि पुढेही कित्येक दशके तोच चालू राहिला. गोंड, माडिया वा परधान शेतकऱ्याने आपल्या आज्याने कसलेल्या जागेवर नांगर धरला तर तो अतिक्रमणदार. जिनिव्हाच्या त्या कलमाच्या जोरावर कोणी दिल्लीत सरकारला वर्षानुवर्षे छळले असते तर? पण जंगलातल्या माणसाला दोन खुर्च्यांवर बसणारा जोशी मिळाला नाही. चौघांच्या त्या रचनेत सरकार, मालक आणि मजूर यांना जागा आहे. ज्याला मालक नाही आणि जो पगारी मजूरही नाही, त्याने कोणाच्या रांगेत बसावे?

२००६ साली वनहक्क कायदा झाला तो जिनिव्हाहून आलेला नव्हे, मोर्च्यांतून आलेला होता. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव त्याच्या कितीतरी आधीपासून ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत आले होते. २००९ साली त्या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामुदायिक हक्क मिळाला, आणि पुढे तिथले लोक स्वतः बांबू विकू लागले. आता जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा मे महिन्यात तेंदूपत्त्याचा लिलावही स्वतःच करतात. सत्तर पानांच्या पुड्याला काय मिळणार, हे पूर्वी ठेकेदार सांगे. आता ग्रामसभेच्या वहीत लिहितात.

१०७ क्रमांकाचा करार १९८९ साली जिनिव्हाला सुधारून नवा केला गेला. तो १६९ क्रमांकाचा. त्यात मिसळून टाकण्याची भाषा काढून टाकली आहे. भारताने त्यावर सही केलेली नाही. आपल्यापुरता जुनाच लागू आहे, अकराव्या कलमासह.